सोलरचं पाणी कोमट येतंय? नळ्या बदलण्याआधी गच्चीवर काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरमध्ये दुमजली घर. गच्चीवर २०० लिटरचा, २० काचनळ्यांचा सोलर, सात वर्षं जुना. पाणी बोअरचं, अधूनमधून टँकरचं. उन्हाळ्यात वरची टाकी दोनदा पूर्ण रिकामी झाली. पावसाळ्यात थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप बसवला. दिवाळीपासून ऊन चांगलं असूनही सकाळी पाणी कोमटच. सोलरच्या टाकीतली कॉईल तासभर लावली तरी फरक नाही. मेकॅनिक म्हणतो, सगळ्या नळ्या बदला. बदलाव्यात का?

आत्ताच नको. २० नळ्यांत एक नळी म्हणजे ५ टक्के. दोन-तीन नळ्या कामातून गेल्या तरी पाणी थोडं कमी तापेल, कोमट होणार नाही. सगळ्याच्या सगळ्या एका हंगामात निकामी व्हायला मोठं कारण लागतं. शिवाय 'पाणी तापत नाही' या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड लपलेले असतात: पाणी खरंच तापत नाही, तापलेलं नळापर्यंत पोचत नाही, किंवा संध्याकाळी तापलेलं रात्रीत निघून जातं. नळ्यांचा संबंध मुख्यतः यातल्या पहिल्याशी येतो.

हे वेगळं करायला एक दिवस आणि एक थर्मामीटर लागतो. स्वयंपाकघरात वापरतात तो लांब सुईचा डिजिटल थर्मामीटर चालेल. हात घालून अंदाज घेऊ नका. थंडीत ४० अंशांचं पाणीही हाताला कडक लागतं आणि मे महिन्यात तेच कोमट वाटतं. स्वच्छ उन्हाचा दिवस निवडा, सकाळपासून गरम पाणी कुणी वापरायचं नाही, कॉईल बंद. दुपारी चार-साडेचारला गच्चीवर जाऊन सोलरच्या आउटलेटजवळचा नळ किंवा युनियन (पाइपाचा आट्यांचा जोड) उघडून पाणी स्टीलच्या पेल्यात घ्या. पहिले दोन पेले ओतून द्या, तिसऱ्यात मोजा. लगेच खाली येऊन न्हाणीतल्या गरम नळाचं मोजा, तिथं मात्र आधी पाणी वाहू द्यायचं. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे वीस मीटर लाइनमध्ये पाच लिटर गार पाणी पडून असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी नळ सोडायच्या आत, गच्चीवर पुन्हा मोजा.

गच्चीवर संध्याकाळी ५५ ते ६० आलं आणि खाली ३५, तर सोलर ठणठणीत आहे, घोटाळा पाइपात आहे. संध्याकाळी ५८ आणि पहाटे ५१ असेल तर तेही ठीक. रात्रीत पाच ते आठ अंश उतरणारच. पंधरा-वीस उतरले तर उष्णता कुठून तरी पळतेय. गच्चीवरच ४० आलं, तर मग नळ्या, सावली आणि क्षार यांच्याकडे वळायचं.

तुमच्या हकिकतीत मला सगळ्यात आधी खटकला तो प्रेशर पंप. साधा, उघड्या एअर पाइपचा (हवा-वाफ जायला टाकीवर उभा केलेला पाइप) सोलर थंड टाकीच्या उंचीवर चालतो. टाकी तीन मीटर वर असली तर गरम लाइनला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. पंप थंड लाइनला एक ते दोन बार देतो. न्हाणीतल्या गरम-थंडच्या मिक्सर नळात या दोन्ही लाइनी भेटतात. तिथं जरा फट मिळाली की थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि उलटं वर चढून थेट सोलरच्या टाकीत जातं. जादा पाणी एअर पाइपातून गच्चीवर सांडतं किंवा इनलेटमधून वरच्या टाकीत परततं. एअर पाइपाखालच्या गच्चीवर पांढरट ओघळ दिसतात का ते बघा.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. सोलरचं इनलेट पंपाच्या लाइनवर नसून थेट वरच्या टाकीवरून असलं पाहिजे, एवढी खात्री आधी करून घ्या. घरातले सगळे नळ बंद करा आणि फक्त गरमचा एक नळ उघडा. पंपाचा आवाज आला, की थंड पाणी गरमच्या वाटेनं येतंय हे सिद्ध झालं. पंप बारीक असेल आणि आवाज कळत नसेल, तर सोलरचा इनलेट कॉक बंद करून तोच नळ सोडा. टाकीच्या वरच्या भागातलं आणि पाइपातलं थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. दोन बादल्या भरल्या तरी धार तशीच, तर ते पाणी सोलरचं नाहीच.

फट कुठं आहे ते शोधायला सोलरचा इनलेट कॉक बंद आणि तोच गरम नळ उघडा ठेवून प्रत्येक न्हाणीतले आणि बेसिनखालचे अँगल कॉक एकेक करून बंद करत जा. ज्या कॉकला धार थांबली, तिथं चोर. बहुतेक वेळा सापडतं ते असं: हँडशॉवरचं बटण सोडून पाणी बंद केलंय, पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच आहेत. मग दोन्ही लाइनी आत रात्रंदिवस एकमेकींत मिसळतात. दुसरी जागा म्हणजे एका दांड्याच्या मिक्सरचं झिजलेलं कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी उघडझाप करणारा भाग. तिसरी, आणि ही कुणाच्या लक्षात नसते, गरम-थंड लाइन जोडणारा बायपासचा कॉक. बांधकामाच्या वेळी लाइन तपासायला प्लंबर तो लावतो आणि नंतर टाइलच्या मागं किंवा डक्टमध्ये तो अर्धवट उघडा राहतो.

कायमचा इलाज म्हणजे मिक्सरच्या गरम बाजूला पितळी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. इथं हलक्या दाबाला उघडणारा फडकीचा घ्या आणि आडव्या पाइपात, बाण पाण्याच्या दिशेनं ठेवून बसवा. कडक स्प्रिंगचा घेतला तर ०.३ बारला धार करंगळीएवढी येईल आणि नवीच तक्रार सुरू होईल. फक्त पंप काढून टाकला तरी बिघाड दबतो, पण मग पंप बसवला कशाला!

आता रिकाम्या टाकीची गोष्ट. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातुरात टाकी कोरडी पडणं नवं नाही, पण सोलरला ती फार महागात पडते. सोलरचं आउटलेट वरच्या अंगाला असतं, त्यामुळं गरम नळ सोडून टाकी पूर्ण रिकामी होत नाही. रिकामी होते ती तळाच्या इनलेटमधून. वरची टाकी संपली, खाली कुणी थंड नळ उघडला, की सोलरमधलं पाणी इनलेटच्या पाइपानं उलटं उतरतं. थंड नळाला अचानक कढत पाणी आलं, तर समजा सोलर रिकामा होतोय. लगेच इनलेट कॉक बंद करा. इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल किंवा सोलरची लाइन वरच्या टाकीतून स्वतंत्र, इतर आउटलेटच्या खालून काढलेली असेल, तर हा प्रकार होत नाही.

नळ्यांत उरलेलं पाणी उन्हात उकळून वाफ होऊन जातं. कोरडी नळी भर उन्हात २०० अंशांच्या पुढं जाते. अशात दुपारी दोनला टँकर आला आणि टाकी भरली, की गार पाणी त्या तापल्या काचेवर पडतं आणि नळी तडकते. त्यामुळं टाकी रिकामी झालेल्या दिवशी पाणी कितीही वाजता आलं, तरी सोलरचा कॉक सूर्य मावळून दोन तास झाल्याशिवाय उघडायचा नाही. घरातल्या सगळ्यांना तो कॉक दाखवून ठेवा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा.

टाकी रिकामी होण्याचा दुसरा परिणाम म्हणजे पाइपात धरलेली हवा. गरम लाइन पॅरापेटवरून वर चढून मग खाली उतरत असेल, तर त्या कमानीत हवा अडकते. नळ फुरफुरतो, धार तुटक येते किंवा येतच नाही, आणि बाकीच्या घराला वाटतं पाणी तापत नाही. मिक्सरच्या तोंडाला बोळा धरून दोन्ही चाव्या मिनिटभर उघडल्या, की पंपाच्या दाबानं हवा वर एअर पाइपातून निघून जाते. वर जो बिघाड सांगितला तोच इथं औषध म्हणून चालतो, फक्त मिनिटभरच. वारंवार होत असेल तर कमानीच्या सगळ्यात उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्धा इंची पाइप थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर उंच काढून द्या.

संध्याकाळी गच्चीवरच पाणी कोमट निघालं तरच आता पुढचं.

आधी सावली. मराठवाड्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. तीन मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा बाराला पावणेतीन मीटर पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. म्हणून मे महिन्यात निर्धोक वाटलेला सोलर दिवाळीनंतर सावलीत जातो. शेजाऱ्यानं वरचा मजला चढवला का, आपण नवी टाकी ठेवली का, ते बघा. २०२४ पासून सूर्यघर योजनेतून गच्चीवर विजेचे पॅनल चढू लागले आहेत. त्यांचा सांगाडा सोलरच्या दक्षिणेला उभा केला असेल तर पाण्याचा सोलर त्याच्या सावलीत येतो. सकाळी नऊ, बारा आणि तीनला एकेक फोटो काढा, उत्तर मिळेल.

मग धूळ. रस्त्याची आणि शेताची धूळ नळ्यांवर बसली की काच मळकट होते. पंधरवड्यातून एकदा, ऊन चढण्याआधी, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसायची. दुपारी पाइप लावून धुवायची नाही.

आणि मग क्षार, आपल्याकडचा खरा शत्रू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या पाण्यानं २०० लिटरची टाकी एकदा भरली, तर त्यात १२० ग्रॅम चुना आला. सगळा काही बसत नाही, पण पाणी जितकं जास्त तापेल तितका जास्त सुटतो. इथं लोकांची गफलत होते. त्यांना वाटतं हिवाळ्यात वापर जास्त, म्हणून क्षारही हिवाळ्यातच. खरं तर एप्रिल-मेमध्ये घरात कुणी गरम पाणी घेत नाही, सोलर मात्र रोज तापतच असतो. पाणी ८० च्या पुढं जातं, वाफ एअर पाइपानं निघून जाते, क्षार आत राहतात, आणि वाफेच्या जागी नवं खारं पाणी येतं. दिवाळीत कळतो तो बिघाड मे महिन्यात झालेला असतो. म्हणून उन्हाळाभर निम्म्याहून जास्त नळ्यांवर गोणपाट किंवा ताडपत्री बांधून ठेवावी आणि आठवड्याला दोन बादल्या गरम पाणी भांड्याकपड्यांना काढावं.

टाकीचा ड्रेन सोडून नळ्या साफ होत नाहीत. नळी खालून बंद असते, तळाचा गाळ तिथंच राहतो. त्यामुळं तीन नळ्या काढून बघणं हाच उपाय: दोन्ही टोकांची एकेक आणि मधली एक. काम पहाटे करा. कॉईलची एमसीबी पाडा, इनलेट कॉक बंद करा, ड्रेन सोडून टाकी रिकामी होऊ द्या. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. नळी टाकीत शिरते तिथल्या रबरी रिंगेवर साबणाचं पाणी सोडा. नळी दोन्ही हातांनी धरून गोल फिरवत हळूच वर, टाकीच्या आत सरकवा, म्हणजे खालचं टोक त्याला धरून ठेवणाऱ्या कपातून सुटेल. मग तशीच फिरवत खाली ओढून काढा. वाकडी करून ओढली की काच रिंगेपाशी चटकन तुटते. नळीत अडीच ते पावणेतीन लिटर पाणी असतं, वजनाचा अंदाज ठेवा.

बाहेर काढलेल्या नळीचं बंद टोक उजेडात धरा. आतून आरशासारखा चंदेरी थर दिसला तर निर्वात पोकळी शाबूत आहे. तो बेरियमचा थर असतो. हवा शिरली की त्याचा दुधासारखा पांढरा डाग होतो. पांढऱ्या टोकाची नळी बाद, तिला धुऊन उपयोग नाही. हे नळी न काढताही खालचा कप सरकवून बघता येतं, तेव्हा वीसही टोकं बघून घ्या आणि पांढरी मोजा. जेवढी पांढरी तेवढ्याच नळ्या बदलायच्या, मेकॅनिक काही म्हणो.

टोक चंदेरी असेल तर आत टॉर्च मारा. तळाशी चार-सहा बोटं गाळ असेल तर दुर्लक्ष करा, १८० सेंटिमीटरच्या नळीत दहा सेंटिमीटरनं काही बिघडत नाही. पण तिसरा हिस्सा भरला असेल किंवा भिंतीवर अंड्याच्या कवचासारखी पापडी धरली असेल, तर कोमट पाण्याचं कारण सापडलं. एकाच नळीत गार पाणी खालच्या अंगानं उतरतं आणि तापलेलं वरच्या अंगानं चढतं. पापडी त्या वाटेत येते आणि काचेची उष्णता पाण्याला पोचू देत नाही.

सफाईला सायट्रिक ॲसिड वापरा, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते. लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे एका नळीला पाव किलोच्या वर. आधी गाळ उलटा करून ओता, मग द्रावण भरून नळी सावलीत तिरकी उभी करा. फेस येईल, तोंडाला बूच लावू नका, आत वायू तयार होत असतो. तीन-चार तासांनी लांब काठीला बांधलेल्या नायलॉनच्या ब्रशनं घासा आणि दोनदा धुवा. तारेचा ब्रश नको, आतल्या काचेला ओरखडा पडला की पुढच्या उन्हात नळी तिथूनच तडकते. संडासाचं ॲसिड तर टाकीच्या आसपासही आणू नका. त्यातल्या क्लोराइडमुळं स्टेनलेस स्टीलला टाचणीएवढी छिद्रं पडतात आणि मग टाकीच बदलावी लागते.

सात वर्षांच्या रिंगा कडक झालेल्या असणार. निघालेल्या प्रत्येक नळीला नवी सिलिकॉन रिंग टाका, जुनी परत बसवली की थेंब थेंब गळतं आणि ते पाणी टाकीच्या पुफमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमच्या थरात, मुरतं. ओलं पुफ उष्णता धरत नाही. रात्री टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावर हात फिरवून बघा. एखाद्या जागी पत्रा कोमट लागला तर आतली टाकी गळतेय किंवा पुफ भिजलंय. आतली टाकी गळत असेल तर डागडुजीत पैसे घालू नका.

रात्रीत पाण्याचं तापमान फार उतरतंय आणि पुफ कोरडं आहे, तर गळका नळ शोधा. टपटप थेंबांनी फारसं जात नाही. बारीक धार मात्र खाते: मिनिटाला १०० मिली, म्हणजे अर्धी वाटी, बारा तासांत ७२ लिटर. तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं.

राहिली कॉईल. तासभर लावून फरक पडला नाही, यात कॉईलचा दोष असेलच असं नाही. २ किलोवॅटची कॉईल २०० लिटर पाणी तासाला साडेआठ अंशच चढवते. २० अंशांवरून ४५ ला न्यायला जवळजवळ तीन तास आणि सहा युनिट लागतात. व्होल्टेज १८० वर आलं असेल तर तीच कॉईल १२०० वॅटच देते, म्हणजे तासाला पाच अंश. तीन तासांतही काही हललं नाही तर एमसीबी पाडून, टेस्टरनं वीज नसल्याची खात्री करून, झाकण उघडा. मल्टिमीटरनं कॉईलच्या दोन टोकांत २६ ओहमच्या आसपास यायला हवं. काहीच आलं नाही तर कॉईल तुटली. टोक आणि टाकीचा पत्रा यांच्यात कुठलाही ओहम आकडा दाखवला तर ती फुटून पाणी आत गेलंय, ती पुन्हा लावायचीच नाही. दोन्ही ठीक असेल तर थर्मोस्टॅटचं कटआउट बटण पडलंय का आणि वायरींच्या टोकांचे लग जळलेत का, ते बघा. तुमची टाकी दोनदा कोरडी पडली तेव्हा कॉईल चालू असेल, तर ती तेव्हाच गेली असण्याची शक्यता मोठी. अर्थिंगही तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्डा वाळून काळी माती भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं.

तेव्हा क्रम असा: आज संध्याकाळी आणि उद्या पहाटे तापमान, त्याच दिवशी पंपाची परीक्षा, मग सावलीचे फोटो, आणि गच्चीवरचा आकडा ४५ च्या खालीच राहिला तर तीन नळ्या. नळ्या परत बसवल्यावर त्या ताडपत्रीनं झाका आणि पाणी रात्री सोडा, टाकी भरली की टॉर्च घेऊन वीसही रिंगांखाली हात फिरवा. जी ओली लागेल ती नळी जरा फिरवून वर सरकवा. सकाळी ऊन पडायच्या आत पुन्हा एकदा बघा, आणि रिंगा कोरड्या असतील तरच नळ्यांवरची ताडपत्री काढा.